डिसेंबरातल्या शेवया

पोस्ट अगदी साधी होती. "घरगुती शेवया. बारीक, एकसारख्या, अजिबात न तुटणाऱ्या. एक नग 600. सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा घरपोच. इनबॉक्स करा." सोबत स्टीलच्या ताटाचा फोटो, आणि ताटात खरोखरच शेवया होत्या. मी पोस्ट मंजूर केली आणि चहा टाकायला उठलो. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता.

ग्रुप आमचा दक्षिण नागपुरातला, खरेदी-विक्रीचा. जुने सोफे, भाड्याच्या खोल्या, टिफिन, ट्यूशन, हरवलेले कुत्रे-मांजर, सापडलेली पाकिटं. अ‍ॅडमिन तिघं: मी, महावितरणातून निवृत्त झालेले एक काका, आणि एम.एस्सी. करणारी एक मुलगी, जिला संगणकातलं आम्हा दोघांपेक्षा दसपट कळतं. पगार कोणालाच नाही. शिव्या मात्र तिघांना समान.

त्या हिवाळ्यात जे घडलं ते सविस्तर लिहून ठेव, असं काका दोनदा म्हणाले. पुढच्या संक्रांतीला नवे अ‍ॅडमिन असतील तर त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, एवढाच हेतू.

मांज्याबद्दल, थोडक्यात

नागपूरकराला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी. आमच्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ कमी आणि पतंग जास्त. डिसेंबर लागला की जुनी शुक्रवारीत चक्री, कागद आणि कामट्यांची दुकानं भरतात, आणि 14 जानेवारीला सकाळपासून प्रत्येक स्लॅबवर स्पीकर आणि "ओ काऽट". पूर्वी मांजा सुती असायचा, काचेची पूड आणि खळ लावलेला. पेच लागला की दोघांपैकी एकाचा तुटायचा, खेळच तो. नायलॉनचा मांजा तुटत नाही. झाडावर, तारेवर, पुलाच्या कठड्यावर महिनोन्‌महिने तसाच ताणलेला राहतो आणि दुचाकीवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर आला की कापतो. सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरात या दिवसांत पंख कापलेले पक्षी येतात. लोक त्याला चायनीज मांजा म्हणतात, पण बराचसा माल बनतो आपल्याच देशात.

राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 ला नायलॉन आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या विषयाची स्वतःहून दखल घेतली. पोलीस दरवर्षी धाडी घालतात. दुकानात उघड विकणं अवघड झालं, तसा माल मोबाइलमध्ये शिरला आणि आमच्यासारख्या ग्रुपांपर्यंत आला.

यादीत काय घालायचं

ग्रुपच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे: शब्दांची यादी द्यायची, त्यातला शब्द असलेली पोस्ट आपोआप अडकते आणि अ‍ॅडमिनने पाहिल्याशिवाय दिसत नाही. नोव्हेंबरअखेर आम्ही यादीत "मांजा" टाकला आणि निवांत झालो.

दोन दिवसांत मांझा आला. मग माँजा, मंजा, मान्जा. मग म@जा. मग रोमन अक्षरांतले चार-पाच प्रकार. मग कोणीतरी ज खाली नुक्ता दिला. नुक्त्याची गंमत मुलीने समजावली. डोळ्याला एकच दिसणारं नुक्तावालं ज़ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतं, एक अखंड अक्षर म्हणून किंवा साधा ज आणि त्याला जोडलेलं नुक्त्याचं वेगळं चिन्ह म्हणून. यादीत एक असेल तर दुसरं सुटतं. शिवाय देवनागरीत जोडाक्षरं तोडायला-जोडायला वापरतात ती न दिसणारी चिन्हं आहेत. ती मधे कुठे घुसवली तर माणसाला शब्द जसाच्या तसा वाचता येतो आणि यंत्राला तो वेगळाच वाटतो.

त्यात आपल्या मराठीची सामान्यरूपं. "मांजा" यादीत असून "मांज्याची चक्री" सरळ निघून गेली, कारण मांज्या म्हणजे मांजा नव्हे. इंग्रजीपुरत्या बनलेल्या सोयीला हे कुठलं कळायला! तिथे शब्दाला फार तर शेपटी लागते. आपल्याकडे शब्दाचा चेहराच बदलतो.

मग मी हुशारी केली. मूळच पकडू म्हटलं आणि "मांज" आणि "मंज" ही दोन रूपं यादीत टाकली. पुढे काहीही लागो, सापडणारच.

सापडलं. पहिल्याच संध्याकाळी हनुमान नगरातल्या एका आजींची पोस्ट अडकली: "पांढरी मांजर हरवली आहे, डाव्या डोळ्यावर काळा डाग, मनी म्हटलं की येते." मांजर. त्यात "मांज" आहे. पाठोपाठ एका लोन एजंटची "तीन दिवसांत कर्ज मंजूर" अडकली, तिचं दुःख नाही. पण मंजिरी नावाच्या मेंदीवाल्या ताई आणि मंजूषा नावाच्या शिवणक्लासवाल्या ताई, दोघी आठवडाभर आपल्या जाहिराती का दिसत नाहीत म्हणून विचारत राहिल्या. मनी तिसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली. आमच्या पोस्टीमुळे नाही.

हे दुखणं जुनं आहे. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक शिवी लपलेली असल्यामुळे 1996 साली एओएल या कंपनीच्या गाळणीने त्या गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नव्हतं. तेव्हापासून या प्रकाराला त्या गावाचंच नाव पडलं. आमच्यापुरतं आम्ही त्याला "मनी झाली" म्हणतो. यादीत नवीन शब्द टाकायचा म्हटलं की काका विचारतात, "मनी तर नाही होणार ना?"

चायनीज, नूडल्स, शेवया

स्पेलिंगचा खेळ संपला आणि खरा खेळ सुरू झाला. शब्द मोडायचं सोडून लोकांनी तो बदलायला घेतला.

सुरुवात पोरांनी केली. कॉमेंटमध्ये एकाने विचारलं, "चांजाम आहे का?" आम्हाला कळेना. काका हसायला लागले. शाळेतली च ची भाषा! पहिलं अक्षर च करायचं आणि मूळचं शेवटी न्यायचं. पतंगची चतंगप होते, मांजाचा चांजाम. साठ वर्षांपूर्वी काका वर्गात मास्तरांसमोर हीच भाषा बोलायचे. ती पकडायला आम्हाला यंत्र लागलं नाही, निवृत्त माणूस लागला.

विक्रेत्यांची वाट वेगळी होती. "चायनीज मांजा"तला मांजा गाळून "चायनीज आहे, पाहिजे तर बोला" आलं. आम्ही "चायनीज" अडवलं, आणि त्या दिवशी आमच्याच चौकातल्या गाडीवाल्याची ट्रिपल राइसची जाहिरात अडकली. (त्याने फोनवर जे ऐकवलं ते लिहिता येत नाही.) चायनीजचे नूडल्स झाले, "न तुटणारे नूडल्स, होलसेल". आणि नूडल्सच्या शेवया.

दर पायरीवर मागची पायरी दिसते हे लक्षात घ्या. ज्याला चायनीज माहीत होतं त्याला नूडल्स उमगले, ज्याला नूडल्स उमगले त्याला शेवया. मधे येऊन नुसत्या शेवया पाहणाऱ्याला, म्हणजे मला, काहीच कळलं नाही.

चीनमध्येही लोक असंच करतात. तियानानमेन चौकातल्या 4 जून 1989 च्या हत्याकांडाची तारीख लिहिली की पोस्ट उडते, म्हणून लोक "35 मे" लिहायला लागले. मेच्या 31 तारखेपुढे चार दिवस मोजले की तारीख लागते. सरकारची घोषणा "सुसंवादी समाजा"ची, म्हणून पोस्ट उडाली की लोक उपरोधाने "सुसंवाद साधला" म्हणायला लागले, आणि तोही शब्द अडायला लागला तेव्हा त्याच्या उच्चाराशी मिळताजुळता "नदीतला खेकडा" उचलला. अमेरिकेत टिकटॉकवर मरण, आत्महत्या हे शब्द लिहिले तर व्हिडिओ दाबला जाईल या भीतीने "अनअलाइव्ह" आलं, आणि आता तिथली पोरं ते तोंडीही बोलतात. या सगळ्या बोलीला इंग्रजीत अल्गोस्पीक म्हणतात.

आपल्याकडेही सांकेतिक लिहिणं काही आजचं नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा गुप्त लिप्यांत शतकानुशतकं जपले, आणि त्यांचं रिद्धपूर इथून जवळच, अमरावती जिल्ह्यात. पण त्या लिपीत आणि या शेवयांत एक मोठा फरक आहे. लिपीची किल्ली गुरूकडून शिष्याला मिळायची, बाहेरच्याला ती कळूच नये हा हेतू. बैलबाजारातला दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो, तिथेही दोघांना खूण आधीपासून माहीत असते. मांजा विकणाऱ्याला ती चैन नाही. त्याचं गिऱ्हाईक अनोळखी. त्याला किल्ली आधी देता येत नाही, म्हणून कुलूप लावून किल्ली दारातच ठेवावी लागते. शब्द कितीही लपवा, कोड्याचं उत्तर त्याच पोस्टमध्ये कुठेतरी असावंच लागतं, नाहीतर माल विकला जाणार नाही. हे आम्हाला उशिरा कळलं.

आणि कळलं एका काकूंमुळे.

मानेवाड्याच्या या काकू उन्हाळी वाळवणाच्या ऑर्डरी घेतात. कुरडया, पापड, सरगुंडे, शेवया. त्यांचा मला सरळ फोन आला.

"काय जी, तुमच्या ग्रुपवर शेवया कोण विकून राह्यलं?"

"का हो काकू? तुमच्या धंद्यात आलं का कोणी?"

"अहो धंद्याचं नाही. डिसेंबरात शेवया कोण करते बाप्पा? वाळतीन कशा? आणि नगावर कधीपासून मिळतेत शेवया? किलोवर असते ना भाव!"

मी पोस्ट पुन्हा उघडली. एक नग 600. खाली कॉमेंट होती, जी मी आधी वाचूनही वाचली नव्हती: "तुटत तर नाही ना?" आणि विकणाऱ्याचं उत्तर: "टेन्शन नको घेऊ भाऊ, काल दहा पेच काटले." शेवयांनी दहा पेच.

उत्तर तिथेच होतं. नग, महिना, "तुटत नाही", पेच. शब्द सोडून सगळं जागच्या जागी. आम्ही दोन आठवडे शब्दांच्या मागे होतो, आणि जिने आयुष्यभर शेवया वाळवल्या तिने एका नजरेत ओळखलं. नूडल्स असते तर काकूंनाही कळलं नसतं, हेही खरं.

आमची चूक

उत्साहात मी ग्रुपवर जाहीर केलं: शेवया म्हणजे नायलॉन मांजा, अशा पोस्ट दिसल्या तर कळवा, खरेदी करू नका. कॉमेंटमध्ये टाळ्यांचा पाऊस.

दुसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याकडे चौकशा वाढल्या, असं त्याच्याच एका गिऱ्हाइकाने नंतर मुलीला सांगितलं. ज्यांना कुठे मिळतो हे माहीत नव्हतं त्यांना मी पत्ता दिला होता. फुकट जाहिरात. आणि तिसऱ्या दिवशी शेवया गायब, त्या जागी: "मोनूभाऊ घरी आहे का?" "मोनूभाऊ शुक्रवारी येऊन राह्यला, दोघांनाच जागा आहे." मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा एकेरी सलग धागा, त्यातला मोनो. वस्तूचा आता माणूस झाला होता. नागपुरात गल्लीला दोन मोनू. हा शब्द यादीत टाकला असता तर अर्ध्या शहराचे वाढदिवस अडकले असते. मनी झाली असती. यादीत आम्ही तो टाकला नाही. तेवढं शहाणपण आलं होतं.

पण जुनी यादी काढायचं मात्र राहून गेलं, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

रिंग रोडची पोस्ट

जानेवारीचा पहिला आठवडा. पक्षी वाचवणाऱ्या मुलांची एक टोळी आमच्या ग्रुपमध्ये आहे. बांबूला आकडा लावून झाडांवरचा धागा काढत फिरतात. त्यांच्यातल्या एकाने दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पोस्ट टाकली: "मानेवाडा रिंग रोडवर कडुनिंबापासून समोरच्या खांबापर्यंत नायलॉन मांजा आडवा ताणला आहे. आमचा बांबू पोचत नाही, शिडी आणतोय. दुचाकीवाल्यांनी सावकाश जा."

पोस्टमध्ये "मांजा" होतं. अडकली.

मी ऑफिसात, काका आपल्या लेकीकडे गेलेले, एम.एस्सी.वाल्या मुलीचा पेपर. मी नऊ वाजता मोबाइल उघडला. धागा तोवर निघाला होता. पण मधे, अंधार पडताना, किराण्याची डिलिव्हरी करणारा एक पोरगा तिथून गेला होता. तो मला दोन दिवसांनी भेटला, हेल्मेट घेऊनच आला. हनुवटीखालच्या पट्ट्यावर आडवी रेघ होती, ब्लेड फिरवल्यासारखी सरळ, अर्ध्या जाडीपर्यंत गेलेली. मी बोट फिरवून पाहिलं. काठ गुळगुळीत. पट्टा सैल असता, किंवा हेल्मेट हँडलला लटकवलेलं असतं, तर... तो आमच्या ग्रुपमध्ये नव्हता, त्यामुळे पोस्ट दिसली असती तरी त्याला उपयोग झाला नसता, असं काका माझी समजूत घालायला म्हणाले. तो रस्ता रोज वापरणारे कितीतरी जण ग्रुपमध्ये आहेत.

पोस्ट टाकणाऱ्या मुलाने मला एवढंच लिहिलं: "दादा, पुढच्या वेळी मी पण शेवया लिहू का?"

आणि खरंच, त्यानंतर त्यांनी लिहिणं बदललं. "तो धागा", "एन. वाला", "गळेकापू". विकणारे मोनूभाऊ म्हणत होते आणि वाचवणारे तो धागा. ज्या शब्दाला आम्ही बंदी घातली तो शब्द फक्त सरळ माणसांसाठी बंद झाला होता. "अनअलाइव्ह"चंही तेच झालं आहे. ज्यांच्या घरात असं मरण घडलं आणि ज्यांना त्याबद्दल बोलायचं आहे, तेही हाच आडशब्द वापरतात, नाहीतर आपलं म्हणणं कोणापर्यंत पोचणार नाही ही धास्ती.

मग काय केलं

यादी त्याच रात्री रिकामी केली. सगळी.

काकांना एक भीती होती. उद्या कोणी आमच्या ग्रुपवर विकताना पकडला गेला तर पोलीस अ‍ॅडमिनला धरतील का? याबाबत नागपूर खंडपीठाचाच 2021 चा निकाल आहे. प्रकरण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं होतं. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसल्याशिवाय, नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. काका थोडे सैलावले. मी मात्र म्हटलं की जबाबदार नाही म्हणजे मोकळे असंही नाही, कळल्यावर गप्प बसणं वेगळं.

यादीच्या जागी आम्ही माणसं बसवली. काकू, पक्ष्यांच्या टोळीतला तो मुलगा, जुनी शुक्रवारीत तीस वर्षं पतंग बनवलेले एक चाचा, आणि अकरावीतला एक पोरगा, ज्याला चांजामच्या पुढच्या दोन भाषा येतात. वेगळा छोटा ग्रुप. रोज रात्री दहा मिनिटं. संशय वाटला ती पोस्ट टाकायची आणि एकच प्रश्न विचारायचा: हे जे म्हणते आहे तेच असेल तर भाव, हंगाम आणि माप जुळतं का? चाचांनी एकदा "साडीची जर, एक रीळ" पाहून सांगितलं, "जरीचं रीळ एवढं रुंद नसतं, ही चक्रीची मापं आहेत." एकदा आम्ही उलटं चुकलो. खऱ्या मासेमारीच्या गळाची दोरी विकणाऱ्याला पाच प्रश्न विचारून हैराण केलं. तो अंबाझरीला गळ टाकतो, त्याने तलावाकाठचा फोटो पाठवला, आम्ही माफी मागितली.

ओळखलेला शब्द पुन्हा जाहीर केला नाही. पोस्ट गुपचूप काढायची, स्क्रीनशॉट ठेवायचा आणि ठाण्यात द्यायचा. पत्ता आणि वेळ कळली असेल तर 112. आणि धोक्याची सूचना देणाऱ्या मुलांना आम्ही मंजुरीतूनच मोकळं केलं. त्यांची पोस्ट थेट लागते, त्यांनी मांजा लिहो, मांझा लिहो.

फरक पडला का? आमच्या ग्रुपवर मोनूभाऊ दिसेनासा झाला. शहरात तो होताच. काही जण चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टेटसवर गेले, तिथे आमचा काही इलाज नाही. 14 तारखेला मी स्लॅबवर होतो. शेजारच्या पोराचा पतंग पाच पेचांनंतरही तसाच. मी त्याच्या वडिलांकडे पाहिलं, त्यांनी आभाळाकडे पाहिलं.

एप्रिलमध्ये ऊन चढलं आणि काकूंनी ग्रुपवर फोटो टाकला. खाटेवर पांढरं धोतर, धोतरावर शेवया, बाजूला त्यांचा नातू कावळे हाकलायला काठी घेऊन बसलेला. "गव्हाच्या शेवया, किलोवर, मानेवाडा." पहिली कॉमेंट चार मिनिटांत आली.

"काकू, तुटत तर नाही ना?"